एकदा सांगितलेलं कळतं

नगाराबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेत प्रार्थनेला सगळ्या वर्गातून त्यांचा एकटीचाच आवाज ऐकू यायचा, म्हणून कुणीतरी ते नाव चिकटवलं आणि ते जन्माचं चिकटलं. पुढे त्यांनी आवाजावरच पोट भरलं. नाटकं केली, रेडिओवर बोलल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर चक्क एका व्हिडिओ गेममध्ये शिरल्या.

गेम देव-दानवांच्या लढाईचा. खेळणाऱ्यानं गाव वसवायचं, धान्य-लाकूड जमवायचं, सैन्य उभारायचं, देवाला प्रसन्न करून शत्रूवर वीज पाडायची. शत्रू काही आपल्यासाठी थांबत नाही, त्यामुळे सगळी धावपळ. पडद्यावरच्या माणसावर क्लिक केलं की तो उत्तर देतो. त्यातल्या धान्य वेचणाऱ्या बायकांचा आवाज नगाराबाईंचा होता. "जी, आले." "लगेच करते." "सांगाल तसं." बस्, एवढंच. गेम तुफान चालला.

आता त्याचा विस्तार निघणार होता. म्हणजे जुन्याच गेमला जोडायचा नवा भाग. त्यात देवांनी फार पूर्वीच्या युगात हरवून डोंगराखाली गाडलेल्या राक्षसिणी बाहेर येणार होत्या. आवाजाचं काम पाहणाऱ्या दिग्दर्शकानं फोन केला, "नगाराताई, या वेळी मोठं काम आहे. बाई डोंगर उचलते!"

नगाराबाईंनी स्वयंपाकघरात असा काही सराव केला, की फडताळातली झाकणं थरथरली. नवरे गेल्यापासून त्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई एकत्र राहत. "बाई गं," जाऊबाई ओरडल्या, "राक्षसीण हो, पण घर पाडू नकोस!"

रेकॉर्डिंगची खोली एवढीशी. भिंतींना फोम, मध्ये काच, काचेपलीकडे दिग्दर्शक. समोर ओळींचा कागद. "आज्ञा, स्वामी." "दासी हजर आहे." आणि मरताना, "स्वामी, क्षमा असावी."

नगाराबाईंनी कागद दोनदा वाचला. "हिला गाडलं कुणी?"

"देवांनी."

"किती काळ?"

"युगानुयुगं, असं कथेत आहे."

"आणि वर आल्यावर तोंडातून पहिला शब्द काय, तर 'आज्ञा'?"

दिग्दर्शक हसला. "ताई, खेळणाऱ्याला वाटायला हवं ना, की ती त्याच्या हुकमात आहे. क्लिक केलं की ती जाणारच आहे."

"जाऊ दे की. पण हातापाया पडत कशाला जाईल? असं करू. एकदा माझ्या पद्धतीनं घ्या, मग तुमच्या पद्धतीनं म्हणते."

त्यानं बटण दाबलं. नगाराबाईंनी चपला काढल्या, पाय रोवले आणि पोटातून आवाज काढला.

"बोल."

"डोंगर आडवा आलाय? बघते त्याच्याकडे."

"जाते. मलाही तिकडेच जायचंय."

उगाच पुन्हा पुन्हा क्लिक करणाऱ्यासाठी, "एकदा सांगितलेलं कळतं."

मरतानाची ओळ त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुरून बघितलंय मला त्यांनी."

काचेपलीकडे दिग्दर्शकानं ते सगळं जपून ठेवलं. मग म्हणाला, "आता कागदावरचं."

"आज्ञा..." नगाराबाईंनी सुरुवात केली आणि तोंड मिटलं. "नाही जमत."

"ताई, कबूल केलं होतंत."

"केलं होतं. शब्द मोडतेय, चूक माझी. पण हे घशातून निघत नाही."

मग गेमच्या कंपनीच्या मुख्य बाई खाली आल्या. हुशार, नीटस आणि घाईत. "खेळाडू आमचा देव आहे, नगाराबाई. देवाला उलटून बोलणारी पात्रं आम्ही बनवत नाही."

"मग राक्षसीण आणलीत कशाला? धान्य वेचणाऱ्या बायकांनाच जरा उंच करायचं होतं."

"आम्ही दुसरा आवाज घेऊ."

"घ्या."

घरी येईपर्यंत अंगातली रग उतरली होती. जाऊबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "चालून आलेलं काम लाथाडलंस? ती राक्षसीण तुझी कोण लागते गं?"

"कुणी नाही. पण तिच्या तोंडी माझा आवाज जाणार होता."

जाऊबाईंनी कढईवर पळी आपटली. "मग जेव पोटभर. भांडायला ताकद लागते."

तिकडे एका गोड गळ्याच्या नटीनं कागदाबरहुकूम ओळी म्हटल्या. त्या तयार होईपर्यंत गेमच्या चाचणीत दिग्दर्शकानं नगाराबाईंचाच आवाज ठेवला होता. मुद्दाम की आळसानं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण नवा आवाज बसला आणि चाचणीला बसलेली माणसं तक्रार करू लागली: राक्षसीण कुठे गेली? खरं तर पडद्यावर ती होती तेवढीच्या तेवढीच होती! एकानं कबूल केलं, की तिच्या शिव्या खायला मिळाव्यात म्हणून तो उगाच क्लिक करत बसायचा.

मुख्य बाईंनी स्वतः फोन केला. "तुमच्या ओळी ठेवतेय. फक्त मरतानाची बदलू. 'स्वामी, क्षमा असावी.' खेळाडू हरत असतो, तेवढंच त्याला बरं वाटेल."

जाऊबाई समोरून जोरजोरात मान हलवत होत्या, हो म्हण, हो म्हण.

"क्षमा कसली मागायची?" नगाराबाई म्हणाल्या. "ती लढता लढता पडली."

"एका ओळीसाठी सगळं घालवाल?"

"तिची शेवटचीच ओळ आहे हो ती. त्यानंतर तिला बोलायला मिळणार नाही."

पलीकडून फोन बंद झाला.

"गेलं," जाऊबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन. "ओळ राहिली, ताई. सगळ्याच राहिल्या." मग आवाज उतरवून, "पण पुढच्या कामांना तुम्हाला बोलवायचं नाही, असं ठरलंय."

"बरं."

"वाईट वाटलं?"

"वाटणारच. दगड आहे का मी? पण पुन्हा विचारलंत तरी हेच करीन."

फोन ठेवून त्यांनी तोंड धुतलं आणि ठेवणीतली साडी काढली. जाऊबाई दारात आडव्या आल्या. "आता कुठे?"

"ते नवं नाटक बसतंय ना, तिकडे. न्यायाधीशाचं काम आहे."

"अगं, त्यांना पुरुष नट हवाय! तूच तर सांगितलंस."

"हवा असेल," नगाराबाई चपला घालत म्हणाल्या. "अजून त्यांनी मला ऐकलेलं नाही."