सरकारी बाभूळ

"ह्येचा पेरा काय म्हणून लागतो?" सरजाबाईनं विचारलं आणि रोपाची काळी पिशवी माझ्या हातात परत दिली.

मला रागच आला. सात मैल सायकल हाणत मी खेर्डवाडीच्या माळावर आलेलो, डोकं तापलेलं, आणि ही बाई पाणी किती लागतं, पाला किती निघतो हे सोडून तलाठ्याच्या कागदाचं विचारते! मी म्हणालो, आधी झाड तरी बघा.

झाड नवं होतं. सुबाभूळ. समुद्रापलीकडून कुठून तरी आलेलं. आमच्या भागात तेव्हा कुणी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि धड पाऊस एकाही वर्षी झाला नव्हता. जिल्हा दिला आणि पाऊस काढून घेतला, असं लोक म्हणायचे. नव्या जिल्ह्यात साहेब नवे, जीपा नव्या, आणि जो तो काहीतरी हिरवं करून दाखवायच्या मागं. मी शेतीकडचा साधा ग्रामसेवक, चन्नबसप्पा माझं नाव. माझ्या वाट्याला दोन एकर सुबाभूळ आली. ती लागली की बदली घरी, उदगीरला, असा साहेबांचा शब्द होता. तिथं माझी आई रत्नम्मा अंथरुणाला खिळलेली. तेव्हा मी काही हौसेनं त्या उन्हात हिंडत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

गावातल्या चांगल्या जमिनीवाल्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं. राहिलं गायरान. ते बौद्धवाड्यातली नऊ घरं कसत होती. त्यातले दोन एकर सरजाबाईचे. म्हणजे जमीन सरकारची, पण तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, दहा वर्षं दगड वेचून ती पेरणीला आणलेली. ग्यानोबा त्याच दगडांत खपला. सरकार कधीतरी कसणाऱ्याच्या नावानं जमीन करील, एवढ्या एका आशेवर ही घरं जगत होती. आणि त्यासाठी पुरावा काय, तर तलाठ्याच्या पहाणीतली पेऱ्याची एक ओळ: कोण कसतो आणि काय पेरलं.

म्हणून पाऊस पडो न पडो, सरजाबाई दरसाल ज्वारी टाकायची. ती पेरणी पोटासाठी नव्हती, कागदासाठी होती. वीतभर उगवून करपलेलं पीकसुद्धा ती तलाठी येऊन लिहून जाईपर्यंत उभं ठेवायची. घरी शेळ्या भुकेनं ओरडायच्या, पण ज्वारीचं एक ताट उपटू द्यायची नाही. पेरा लागला की मग शेळ्या सोडायची. मी ते पाहिलं होतं आणि हसलोही होतो. अडाणी बाई, जनावरं मारून कागद जगवते, असं चारचौघांत बोललोही होतो.

तिचा दीर भीमा शेजारच्याच तुकड्यात उभा होता. तो माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "वैनी, झाडाच्या नादी लागू नगं. जवारी मरती, पर आपली म्हणून मरती."

मी भीमाला गप्प केलं. मग तिला सगळं नीट समजावलं. पहिलं साल घागरीनं पाणी घाला, पुढं हे झाड पाणी मागत नाही. मूळ खोल जातं. एकदा लागलं की तोडलं तरी फुटतं, मरत म्हणून नाही. भर उन्हाळ्यात शेळ्यांना हिरवा पाला. मात्र नुसता हाच पाला घालू नका, नाहीतर जनावराचे केस झडतात. तिसरा हिस्सा हा आणि दोन हिस्से दुसरा चारा. त्यावर ती हसली. दोन हिस्से कुठून आणू, म्हणाली.

आणि पुन्हा तेच. "अप्पा, तुमी शिकलेलं मानूस. खरं सांगा. पेऱ्याला माझंच नाव ऱ्हाईल का?"

"राहील की. लावणार तुम्ही, मग नाव दुसऱ्याचं कसं लागेल?"

मी खोटं बोललो नाही. मला माहीत नव्हतं. तलाठ्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. ते मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याचं मला भय होतं.

तिनं आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत तिची एकुलती कालवड बसली ती उठलीच नाही. नवव्या दिवशी ती स्वतः चावडीवर आली, खाली मान घालून म्हणाली, लावा. नऊशे रोपं तिनं एकटीनं लावली. गावात टँकर यायचा. भांडणं करून दोन घागरी मिळवायची, एक घरात आणि एक माळावर. अर्धा कोस डोक्यावरून. मी साहेबांना जीपेतून आणून दाखवलं. साहेब खूश झाले.

सुबाभूळ हे नाव काही तिच्या जिभेवर बसेना. मी थट्टेत म्हणालो, सरकारी बाभूळ म्हणा, सरकारनं दिली म्हणून. तेच नाव वाड्यात रुळलं. पोरंसोरं, म्हातारे, सगळे सरकारी बाभूळच म्हणायला लागले. मला गंमत वाटायची.

बदली झाली. मी उदगीरला गेलो आणि चौथ्या महिन्यात आई गेली. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते असं चार महिन्यांचं निघालं. खेर्डवाडी मी विसरलो. शेळ्या वाचल्याचं कानावर आलं होतं, केस झडून पाठी उघड्या पडल्या, पण जगल्या म्हणे. मला बरं वाटलं. चला, कुणाचं तरी भलं केलं.

सात वर्षांनी हुकूम निघाला. गायरान कसणाऱ्यांच्या नावे करायचं, प्रत्यक्ष कसताना दिसतील त्यांच्या. झाडं मी लावून घेतलेली म्हणून चौकशीच्या साहेबांबरोबर मलाही पाठवलं. भीमाच्या तुकड्यात ज्वारी होती. कसली ज्वारी, चार बोटं उंचीची, पिवळी पडलेली. साहेबांनी दोन मिनिटांत भीमाचं नाव लिहिलं आणि त्याचा अंगठा घेतला.

मग सरजाबाईचं. दोन पुरुष उंच झाडी, खाली गार सावली. सगळ्या माळावर तेवढंच हिरवं. ती नवं लुगडं नेसून आली होती.

साहेबांनी वही उघडून विचारलं, "बाई, ही झाडं कसली?"

"सरकारी बाभळी हाईत, साहेब," ती अभिमानानं म्हणाली. पुढं ती बरंच बोलली: कालवड मेली ते, घागरी वाहिल्या ते. पण साहेबांना पहिले दोन शब्द पुरेसे होते. त्यांनी लिहिलं: सरकारी झाडे. वहिवाटदार: सरकार.

मी शेजारीच उभा होतो. मला ते अक्षर दिसत होतं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, रोपं तुमच्याच खात्याची ना? मी हो म्हणालो. रोपं खात्याचीच होती. ते नुसतं झाडाचं नाव आहे साहेब, आणि ते मीच ठेवलंय, जमीन ही बाई कसते, एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण मग पुढचा प्रश्न आला असता, की गायरानात एका बाईकडून खासगी लागवड कुणी करून घेतली, आणि माझ्या निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. मी भेकड माणूस. साहेब पुढच्या तुकड्याकडं निघाले.

अंगठा मागितला नाही म्हणून ती गोंधळली. माझ्यामागं दोन पावलं आली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, लागलं का नाव?"

"लागलं," मी म्हणालो.

हे मात्र खोटं होतं.

खरं तिला कळलं ते पावसाळ्यानंतर, नऊपैकी आठ घरांना कागद मिळाले तेव्हा. मी कुणाकडून तरी विचारणा यायची वाट बघत राहिलो. भीमा मारायला येईल असंही वाटलं. कुणी आलं नाही. उन्हाळ्यात झाडं मोजून यायचं काम निघालं आणि ते माझ्यावरच आलं. झाडीभोवती चर खणलेला होता, सरकारी पाटी लागली होती. चराच्या काठावर सरजाबाई उभी होती, हातात विळा, मागं हाडं दिसणाऱ्या दोन शेळ्या. तिनं मला ओळखलं. मी मान खाली घातली. शिव्या देईल, थुंकेल, काहीतरी करील म्हणून थांबलो. तिनं तसलं काहीच केलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "एक पेंडी पाला घिऊ का?"

मी मान हलवली.

ती चरात उतरली, पलीकडं चढली आणि खालच्या फांद्या भराभर कापू लागली. पेंडी बांधून झाली, पण ती लगेच निघाली नाही. दुसऱ्याच्या रानातून गवत नेणाऱ्या बाया मालकाला दाखवतात, तशी तिनं ती पेंडी माझ्यापुढं जमिनीवर ठेवली, एकच आहे हे मला बघू दिलं, आणि मग उचलून डोक्यावर घेतली.