हॉलमधला फोटो

नवरा, प्रसेनजित, गेल्यापासून मंजुश्रीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. बंगला विकायचा आणि मुलीकडे नागपूरला जाऊन राहायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. तेही भाजी कोणती करायची ते ठरवावं, तसं.

खामगावच्या डॉक्टर-वकिलांच्या वस्तीतला हा बंगला म्हणजे एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजीनं शंभर वर्षांपूर्वी केलेली ऐट. प्रसेनजितनं तो पडीक असताना घेतला आणि आपल्या इंजिनियरकीची सगळी हौस त्यात भागवून घेतली. सागवानी जिना, रंगीत काचा, नक्षीच्या फरश्या, सगळं पुन्हा झळकवलं. त्याचे वडील या शेटजींकडे हमाल होते आणि फाटकाच्या आत त्यांना कधी येऊ दिलं नव्हतं. म्हणून राहायला आले त्या दिवशी त्यानं खुर्च्यांच्याही आधी हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला.

आता गिऱ्हाइकं येत, फरश्यांची वाहवा करत, मग त्यांची नजर फोटोवर जाई. काहींना तर एकाएकी चहासुद्धा चालेनासा होई. पुन्हा फोन म्हणून येत नसे.

दलाल ज्ञानेश्वर तसा भला माणूस. बराच वेळ घसा खाकरून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, मले काहीच नाही. पण फोटो तेवढा आत ठेवा. दारावरची पाटीबी काढू. नाव काय, सौदा झाल्यावर कागदावर येतेच."

प्रसेनजित असता तर त्यानं ज्ञानेश्वरला तिथल्या तिथे बाहेरची वाट दाखवली असती. मंजुश्रीनं त्याला पाटी काढू दिली, स्टूल आणलं, फोटो उतरवून कपाटात ठेवला आणि वरणाला फोडणी दिली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

रविवारी पुण्याहून एक निवृत्त साहेब बायकोला घेऊन आले. मूळचे मेहकरकडचे, पण पुणेरी बोलणं अगदी जपून बोलणारे. ज्ञानेश्वरनं त्यांना 'शेटजींचा बंगला' दाखवला आणि मंजुश्रीची ओळख नुसती 'ताई' अशी करून दिली. दोघांना बंगला आवडला, भावही पटला. ज्ञानेश्वर खुशीत पेढे आणायला गेला.

तो गेला तसे साहेब उठून उभे राहिले. त्यांची बायको खाली फरशीकडे बघू लागली.

"ताई, आधीच सांगून टाकतो. मी अश्वजित. आम्ही बौद्ध आहोत. मागं दोन ठिकाणी नाव ऐकून लोकांनी शब्द फिरवला. तुमचीबी काही अडचण असन तर आताच सांगा. मले राग येनार नाही."

मंजुश्रीच्या ओठांवर 'जय भीम' आलं आणि तिथंच अडकलं. ते म्हणायचं तर भिंत मोकळी का, तेही सांगावं लागणार होतं. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

"नाही," ती म्हणाली. "माझी काही अडचण नाही."

अश्वजितनी दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमच्यासारखे लोक कमी राह्यले, ताई."