पुढचा गाळा

चुडामणने पाण्याची बाटली पुढे केली तशी भंवरीबाईंनी ती हातानेच मागे सारली आणि पिशवीतून स्वतःची काढली. उकळून गार केलेलं पाणी त्या धुळ्याहून बरोबर घेऊन आल्या होत्या. दोन घोट घेऊन त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि नगरपालिकेच्या सभागृहात पुढच्या रांगेतली खुर्ची धरली. मागे बसलं की साहेबाला ऐकू जात नाही आणि साहेबाला ऐकू गेलं नाही की नुकसान आपलंच, हे नवऱ्याच्या गल्ल्यावर बसून त्या केव्हाच शिकल्या होत्या.

"भाभी, आजून बी घर चला," चुडामण वाकून म्हणाला. "मनी बायको भिकूनी कळन्यानी भाकर करेल शे. सुनावनीमां काय ठेवेल शे?"

"भाकर पळाले नही लागनी. आधी हाई काम."

चाळीस वर्षं पारोळ्यात संसार केलेल्या भंवरीबाई स्वयंपाकघरात मारवाडी बोलत, बाजारात अहिराणी आणि सरकारदरबारी शुद्ध मराठी. चुडामण त्यांचा भाडेकरू. त्यांच्या इमारतीत खाली लांबलचक गाळा होता, वर दोन खोल्या. गाळ्यात चुडामणचं बी-बियाण्याचं दुकान, भंवरीबाईंचे पती लखीचंदजी हयात असतानापासूनचं. आज एस.टी. स्टँडवर तो न्यायला आला खरा, पण आल्यापासून त्याचा एकच घोषा चालला होता, घरी चला म्हणून. बाजारपेठेतून जाऊ म्हटलं तर रस्ता खोदलाय म्हणाला आणि मागच्या गल्लीने त्यांना इथे घेऊन आला.

नगरपालिकेला चार वर्षांनी एकदा जाग येते आणि जाग आली की ती टेप घेऊन लोकांची घरं मोजत सुटते. त्यात हायवे चौपदरी झाल्यापासून गावातल्या जागांना सोन्याचा भाव आलेला. ज्याला जागा विकायची त्याची चांदी, ज्याला तिच्यावर जगायचं त्याचं मरण. भंवरीबाईंची घरपट्टी अठ्ठावीसशे होती, ती एका नोटिशीत एकतीस हजार झाली होती. भाडं महिन्याला बाराशे. म्हणजे वर्षभराचं भाडं दोनदा ओतलं तरी कर फिटायचा नाही.

हे भाडं गेलं तर काय जाणार होतं, ते धुळ्यात त्यांच्या लेकीलाही कळलं नसतं, असं त्यांना वाटत होतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. मुलगा नव्हता. लखीचंदजी गेल्यावर लेक रूपल धुळ्याला न्यायला आली, तेव्हा भंवरीबाईंनी एकच अट घातली. माझं पीठ, दूध, तूप माझ्या पैशाचं. तेव्हापासून दर महिन्याला जावई, अखिल, "चुडामणभाऊंनी पाठवले" म्हणून बाराशे रुपये त्यांच्या हातावर ठेवी आणि त्या तसेच्या तसे रूपलच्या हातावर ठेवत. रूपल सुरुवातीला "मम्मी, काय हे" म्हणायची. पुढे मुकाट घेऊ लागली. महागाई वाढली तसं भंवरीबाईंनी आधी पोळीवरचं तूप सोडलं, मग दुसऱ्या वेळचं दूध. विचारलं तर म्हणत, पचत नाही. बाराशेत बसेल तेवढंच त्या जेवत आणि ताठ मानेने जेवत.

म्हणून ही नोटीस म्हणजे त्यांच्या पानातली पोळी होती. तीही हाती आली योगायोगाने. पारोळ्यातले शेजारचे दुकानदार रतिलाल धुळ्याला एका लग्नात भेटले आणि त्यांनी खिशातून काढून दिली. शिपाई चुकून त्यांच्याकडे टाकून गेला होता. अखिलने कागद पाहिला आणि एका दमात म्हणाला, "मम्मी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी भरून टाकतो." भंवरीबाईंचे डोळे भरून आले होते. जावई असावा तर असा. पण जावयाचे एकतीस हजार घ्यायचे, तर इतकी वर्षं तूप सोडून काय मिळवलं? त्यांनी रतिलालकडून हरकतीचा अर्ज टाकला, सुनावणीची तारीख आली आणि आज सकाळी रूपलला उंबऱ्यात सांगून त्या बसमध्ये बसल्या. रूपल नको नको म्हणत रिक्षापर्यंत मागे आली होती.

नाव पुकारलं गेलं. साहेब तरुण होता, बोलायला मऊ.

"आजी, काय म्हणणं आहे तुमचं?"

"म्हणणं एवढंच की मोजताना तुमच्या माणसाची चूक झाली. माझं भाडं महिन्याला बाराशे. भाड्यापेक्षा कर मोठा असतो का कुठे? घोड्यापेक्षा खोगीर जड करून ठेवलंत तुम्ही."

मागे चारपाच जण हसले. साहेबही हसला. मग त्याने फाईल उलटली.

"बाराशे मागच्या अर्ध्या गाळ्याचे, आजी. बियाण्याच्या दुकानाचे. कर चढला तो पुढच्या गाळ्यामुळे."

"पुढचा गाळा कुठला? गाळा एकच आहे."

"मोबाईलचं दुकान आहे ना पुढे."

भंवरीबाईंनी चुडामणकडे पाहिलं. तो बाटलीचं झाकण काढत होता, लावत होता.

"साहेब, तो दुकानदार मीच," मागून एक तिशीचा माणूस उठला. टापटीप शर्ट, हातात दोन मोबाईल. "ज्ञानेश्वर. माझंच दुकान आहे ते. मी पण त्याचसाठी आलोय. कर वाढला की मालक भाडं वाढवणार. आताच चौदा हजार देतोय, अजून कुठून आणू?"

"कोणाला देता?" साहेबाने विचारलं.

"रूपलताईंच्या खात्यात टाकतो ना, पाच तारखेच्या आत. एकदाही चुकवलेलं नाही." तो भंवरीबाईंकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "तुम्ही रूपलताईंच्या मम्मी का? बरं झालं भेटलात. तुम्हीच जरा सांगा त्यांना. फोनवर ऐकतच नाहीत."

सभागृहात पंखा फिरत होता. भंवरीबाईंना राग आला नाही. आधी लाज वाटली, कोणीतरी भर बाजारात डोक्यावरचा पदर ओढावा तशी. पाच तारखेच्या आत. म्हणजे त्या आपले बाराशे रूपलच्या हातावर ठेवत, तेव्हा त्या हाताच्या खात्यात चौदा हजार येऊन पडलेले असत. आणि तो हात तरीही पुढे व्हायचा.

"आजी," साहेब आवाज उतरवून म्हणाला, "हे भाडं तुम्हाला माहीत नसेल, तुमच्या परवानगीशिवाय कोणी घेत असेल, तर तसं सांगा. मी नोंद करतो. तुमची हरकत मग वेगळी होईल."

मागचे लोक पुढे वाकून ऐकू लागले होते. त्यांतले निम्मे बाजारपेठेतले, लखीचंदजींना ओळखणारे. रूपल यांच्यासमोर परकर-पोलक्यात खेळली होती. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली असती.

भंवरीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माहीत कसं नाही? मीच सांगितलं होतं मुलीला, तू घेत जा म्हणून. वय झालं साहेब, लक्षात राहत नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "तुमची आकारणी बरोबर आहे. हरकत मागे घेते. कुठे सही करू?"

बाहेर आल्यावर त्या पायरीवर थांबल्या. चुडामण चपला घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या. वर पाहिलं नाही.

"कितला दिनपासून?" त्यांनी विचारलं.

"शेठजी गयात ना, त्याच दिवायीपासून. जमाई उनात. म्हने, गाळा अर्धा करा. भाभीले कळू देऊ नका, नहीतर तुमी बी खाली करा. मी काय करतू, भाभी? मनं पोट याच दुकानवर शे."

"आनि रूपलले?"

"तिले बी बठ्ठं माहीत शे."

भंवरीबाईंनी चपला पायात सरकवल्या. चुडामणला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्याच्यावर खर्च करायला राग उरला नव्हता. परक्याने फसवलं तर माणूस चार घरी जाऊन सांगतो. हे सांगायला घर कुठलं? अखिलला एक वेळ विसरता आलं असतं, तो दुसऱ्याच्या पोटचा. पण पचत नाही म्हटल्यावर रूपलने दुसऱ्या दिवसापासून दूध अर्धा लिटर कमी केलं होतं. एकदाही, "मम्मी, थोडं घे" म्हणाली नव्हती.

ज्ञानेश्वर मोटारसायकल काढता काढता थांबला.

"आजी, भाड्याचं बघाल ना जरा?"

"चौदाचे पंधरा होणार नाहीत. पण पुढच्या महिन्यापासून खात्यात टाकायचे नाहीत. माझ्या हातात आणून द्यायचे."

"धुळ्याला येऊ?"

"इथेच. दुकानावरच्या खोलीत."

"तिथं तर कोणी राहत नाही."

"राहतं आता."

तो गोंधळून मान हलवत गेला. चुडामण मात्र जागीच उभा राहिला.

"भाभी, किल्ली जमाईपान शे."

"मंग कुलूप तोडनारा बलावा. आनि आते मागली गल्ली नको. बाजारपेठमधून चला."

रस्ता खोदलेला नव्हता. त्या चालू लागल्या तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. रूपलचा. वाजून थांबला, पुन्हा वाजला. सकाळपासूनचा कितवा कोण जाणे. भंवरीबाईंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून तो घेतला.

"मम्मी, कुठे आहेस? झालं का? काय म्हणाले?" रूपलचा श्वास लागला होता. मग तिचा आवाज खाली आला. "कोणी भेटलं का तिथे?"

"काम झालं. नगरपालिकेचं काही चुकलेलं नव्हतं."

मग रूपल घाईघाईने म्हणाली, "मम्मी, चारची बस पकड. मी जेवायची थांबते तुझ्यासाठी. आज शिरा करते, तूप घालून."

भंवरीबाईंनी ऐकून घेतलं. आवाज लहानपणचाच होता, काहीतरी फोडल्यावर लाडात यायचा तो.

"तू जेवून घे, बेटा," त्या म्हणाल्या. "माझं पान मांडू नकोस."