‘त्रुटी’ बँडची एकतीस सेकंदं

जव्हारमध्ये हार्डकोर पंक हे आरडाओरडीचं संगीत आलं ते दोन हजार एक साली, भिवंडीच्या एसटीनं, अफजलच्या पिशवीतून. अफजल वेल्डर. भिवंडीत दोन वर्षं काढून तो परतला तेव्हा त्याच्याजवळ एक जुनी गिटार होती आणि नाव पुसलेली एक कॅसेट. ती त्यानं साखरशेतच्या सोम्याला आणि त्याच्या बहिणीला, गोदीला, ऐकवली.

“कोणाला मारतायत?” गोदीनं विचारलं.

“मारत नाय, गातायत. इसमें दो ही कानून. गाणं मिनिटाच्या आत संपलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला राग आला पाहिजे.”

गोदीला दोन्ही कलमं पटली. त्या दिवसांत तिच्याकडे राग भरपूर होता आणि वेळ थोडा.

झालं होतं असं, की तिला नर्सिंगला जागा मिळत होती. फक्त जातीचा दाखला जोडायचा होता. दाखला ज्या कचेरीत मिळतो तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ज्यांना काम पडतं त्यांना ती सापडतेच. खिडकीत भाऊसाहेब बसत. भाऊसाहेब म्हणाले, अर्जात त्रुटी आहे, आजोबांचा शाळा सोडल्याचा कागद आणा. गोदीचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे त्यांना ती सोडता आली नव्हती.

“मंग कसं?”

“साहेबांना भेटा.”

“कुठं हायेत?”

“साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या.”

अशा चौदा खेपा झाल्या. साहेब नावाचा माणूस आहे की नुसतीच समजूत आहे, असा प्रश्न तिला पडू लागला.

तिघांनी बँड काढला, त्याचं नाव ‘त्रुटी’ तिनंच ठेवलं. असला बँड ‘अंडरग्राउंड’, म्हणजे जमिनीखालीच असतो, असं अफजल शपथेवर सांगे. म्हणून सराव पाणीयोजनेच्या खोदलेल्या टाकीत चाले. योजना पूर्ण झाल्याची पाटी वर होती, त्यामुळे आत पाणी येण्याची भीती नव्हती. अफजलचे चाचा, मंसूरभाई, लग्नाच्या मांडवांना लाउडस्पीकर भाड्यानं देत. त्यांच्या जुन्या भोंग्यातून गिटार वाजवली की सायकलवर पत्रा घासत नेल्यासारखा आवाज येई. अफजलच्या मते कॅसेटमधल्यांना तो इतका चांगला जमला नव्हता. सोम्या डांबराचं पिंप बडवी. गोदी ओरडे. ‘झेरॉक्स आणा’ सतरा सेकंदांचं होतं, ‘एसटी गेली’ बारा. सर्वांत लांब रचना एकतीस सेकंदांची. तीत ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे अकरा वेळा यायचं आणि शेवटी एकदाच, श्वास संपता संपता, ‘उद्या या!’

प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार होती. आदल्या शनिवारी पोषण मेळावा होता. वावर गावात कुपोषणानं मुलं दगावली तेव्हापासून तालुक्यात मेळावे भराभर वाढले होते. मुलांची वजनं तेवढ्या वेगानं वाढत नव्हती. भोंगे मंसूरभाईंचे होते, माइकवर अफजल होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी भाऊसाहेब घामाघूम होऊन आले. ठरलेलं नाचाचं पथक कुणी तरी जीप पाठवून मोखाड्याला पळवलं होतं. तिथं याहून मोठे साहेब येणार होते.

“अरे, कुणी आहे का आदिवासी वाजवणारं? साहेब येऊन बसलेत!”

“है ना,” अफजल म्हणाला. “एकदम पारंपरिक.”

सोम्या कच खाऊ लागला. “बाय, जेलात टाकतील.”

“टाकू दे,” गोदी म्हणाली. “साहेब बसलाय ना? बघून तरी घेते.”

आणि तिनं पाहिलं. पहिल्या रांगेत, हार घातलेले, गोल चेहऱ्याचे, चांगले खरेखुरे साहेब. पंधराव्या खेपेला दर्शन झालं होतं. ती त्यांच्याकडे बघूनच ओरडली. अकरा वेळा. पिंपाला पोचा आला, कोंबड्या उडाल्या, भाऊसाहेबांनी डोळे मिटले.

साहेब उठले आणि टाळ्या वाजवू लागले. म्हणाले, शब्द कळत नसले तरी भावना पोचते, ही हजारो वर्षांची परंपरा आहे, आणि ती आपण जपली पाहिजे. मग ‘वन्स मोअर’ झाला. मग तिथल्या तिथं प्रशस्तिपत्र लिहिलं गेलं, ‘पारंपरिक आदिवासी कलापथक, त्रुटी’, खाली तिघांची नावं, सही, गोल शिक्का. अफजल मंसूरभाईंच्या भोंग्याजवळ कागद हातात धरून उभा राहिला. तो आदिवासी असल्याचं तीन मिनिटांत सिद्ध झालं होतं, तेही न मागता.

“राग कुणालाच नाय आला,” तो कष्टी होऊन म्हणाला.

“साहेब, माझा दाखला...” गोदी पुढं झाली.

“कचेरीत या,” साहेब म्हणाले, आणि जीप गेली.

सोमवारी खिडकीपुढं रांग होती. गोदीनं प्रशस्तिपत्र आत सरकवलं.

“हे कलेचं झालं,” भाऊसाहेब म्हणाले. “जातीचं वेगळं.”

“मंग साहेबाला भेटते.”

“साहेब मीटिंगला गेलेत.”

गोदीनं खिडकीचे गज धरले, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. ना गिटार, ना पिंप. दुसऱ्या ओळीला मागची चैती म्हातारी मिळाली, चौथीला सगळी रांग. शब्द कुणाला शिकवावे लागले नाहीत. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते वर्षानुवर्षं पाठ होते.

नवव्या ओळीला आतलं दार उघडलं. हातात चहाची बशी, मान तालावर डोलतेय, असे साहेब बाहेर आले.

“वा! परवाचंच ना हे?”

गाणं थांबलं. बशीतला चहाही थांबला.

“काय वं साहेब,” चैती म्हणाली, “सुटली का मिटिंग?”

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

“पण आजोबांचा कागद...” भाऊसाहेब कुजबुजले.

“हजारो वर्षांची परंपरा आहे, असं मी स्वतः लिहून दिलंय ना?” साहेब सही करत म्हणाले. “आजोबा त्यातच आले.”

गुरुवारी गोदी नर्सिंगला गेली आणि बँड बंद पडला. पुढं मुंबईच्या एका पोरानं असल्या बँडांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा तो जव्हारला आला. वेल्डिंग चालू असतानाच त्यानं अफजलला विचारलं, फूट का पडली? मतभेद झाले?

“नाय,” अफजल म्हणाला. “मागणी मान्य झाली.”

खिडकीत भाऊसाहेब अजून आहेत. हल्ली ते ‘साहेब दौऱ्यावर गेलेत’ असं सांगतात. सोम्यानं पिंपावर ते दोन-चारदा बसवून पाहिलं. जमेना. त्यानं गोदीला पत्र टाकलंय, सुट्टीत ये.