पोलादी रांजण आणि बोडिलची वही

मित्रांनो, माझ्या पोटात चुकूनही हात घालू नका! मी एक जुना पोलादी रांजण आहे, दूर उत्तरेकडच्या बर्फाळ जटलंडमधल्या एका इस्पितळाच्या तळघरातला. माझ्या पोटातल्या थंडीपुढे इथला जानेवारी म्हणजे गोधडीतली ऊब. या थंडीत, चुंबकाच्या धाकात, पायरूव्हेट नावाच्या द्रवातल्या कर्बाला मी अशी शिस्त लावतो, की शरीरात शिरल्यावर तो स्कॅनरला हजारो पट मोठ्यानं ओ देतो. पण ही ऐट जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात मोजायचं, पायरूव्हेटचं लॅक्टेट हे दुसरं द्रव्य किती वेगानं होतंय. कर्करोगाची गाठ माजलेली असली की वेग जास्त. औषध लागू पडलं की तो उतरतो.

माझी देखभाल बोडिल करते. बारा वर्षं ती माझ्या गळ्यात अडकवलेल्या वहीत बारीकसारीक सगळं लिहितेय. नवा आलेला एस्बेन गणितात वाघ, पण तिला चिडवायचा, "काय गं, पाककृती लिहितेस काय?"

एका शुक्रवारी गावातली बेकरीवाली व्हिबेके औषध सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या स्कॅनला आली. वेग उतरला नसेल, तर सोमवारपासून तिचं औषध बंद होणार होतं, आणि तिची सगळी भिस्त त्याच औषधावर.

एस्बेननं आकडा काढला आणि त्याचं तोंडच उतरलं. "उलट वाढलाय गं." अरे देवा!

"थांब रे शहाण्या," म्हणत बोडिलनं वही उघडली. "स्कॅनर टिचकी मारतो तेव्हा कर्ब बोलतो, बरोबर? मंगळवारी आपण लॅक्टेटची टिचकी मोठी केली. हे बघ, लिहिलंय. तुझ्या गणितात जुनी छोटीच आहे. टिचकी मोठी, म्हणून लॅक्टेट मोठ्यानं ओरडलं, आणि तुला वाटलं, तेच जास्त झालं!"

एस्बेननं गणित पुन्हा मांडलं. वेग पहिल्या खेपेच्या निम्म्यावर आला होता! औषध लागू पडलं होतं. काय आनंद झाला म्हणून सांगू! बोडिलनं तर मलाच मिठी मारली.

आमच्याकडे रीत आहे, चुकेल त्यानं सगळ्यांना केक खिलवायचा. हे कळल्यावर व्हिबेके डोळे पुसत हसली. "चूक तुझी रे, पण केक मी भाजणार! भट्टीसमोर उभं राहायला मला निमित्तच हवंय."

सोमवारी तळघरभर दालचिनीचा वास सुटला. केक खाऊन एस्बेननं हात धुतले आणि वहीत पहिल्यांदाच स्वतः एक ओळ लिहिली.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसत जा, जपत जा. पण आमच्या गळ्यातल्या वह्या त्याहून जपा, आणि केलेला बदल त्याच दिवशी लिहा. माझी करामत दोन मिनिटांत विरते. बोडिलची ओळ टिकली, म्हणून व्हिबेकेची भट्टी पुन्हा पेटली.