तांबडीची गाठ

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी गोठा झाडत होतो. तिच्याजवळ थांबलेला माझा मेहुणा मोठ्या दवाखान्यातून एकटाच आला. दारातूनच म्हणाला, “दाजी, खराटा ठेवा.”

मी ठेवला. काय ते समजलं होतं, तरी विचारलं, “सूज उतरली का?”

“पू गळ्यात उतरला. श्वासाची वाटच बंद झाली.”

“दाढ दुखून माणूस मरतं का रे?”

तो आत आला. तिथंच शेणात बसला.

गावात कुणाच्या जनावराला गळू झालं की हिलाच बोलावणं यायचं. गाठ शेकायची, पिकू द्यायची, मग चिरायची. जनावर रवंथ करायला लागलं की ही हात धुवायची आणि “झालं” म्हणायची.

तिची स्वतःची दाढ ठणकायला लागली तेव्हा आम्ही बाजारगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी दाढेचा फोटो काढला. “कीड दाढेच्या नसेपर्यंत गेलीये. मुळाशी पू आहे. रूट कॅनाल करावं लागेल.”

“म्हणजे काय करणार?”

“दाढ वरून उघडायची, आतली नस काढायची, मुळं साफ करून भरायची. वर कॅप बसवायची, टोपीसारखी.”

“दाढेला टोपी!” ही गाल धरून हसली. “अहो, ह्यांना लग्नातसुद्धा धड टोपी मिळाली नव्हती.”

बाईही हसल्या. त्यांनी आतलं थोडं साफ केलं आणि वर पांढरं सिमेंट भरलं. “हे तात्पुरतं आहे, ताई. काम अर्धंच झालंय. दुखायचं थांबलं तरी यायचं. नस मेली की दुखत नाही, पण पू आत राहतो.”

“कळलं,” ही म्हणाली.

दुखणं थांबलं. बाईंकडं परत जायच्या दिवशी ही त्याच बाजूनं भाजके दाणे चावत बसली. “बघा, रवंथ सुरू झाला. आता कशाला जायचं?”

“थांबलं तरी यायचं, असं म्हणाल्यात बाई.”

“बाईंनी किती गळवं फोडलीत? चला, वैरण काढा.”

पुढं जबड्याखाली गाठ आली. तिला बरंच वाटलं. “वर आलं ना, आता पिकेल.” तांबडी गायही तेव्हा जबड्याच्या गाठीनं बेजार होती. एकाच पातेल्यातल्या गरम पाण्यानं ही आधी गाय शेकायची, मग स्वतःला.

“अगं, दाखवून तरी येऊ.”

“कच्चं चिरलं तर पसरतं. मला शिकवू नका.”

जनावराचं गळू कातडीकडं येतं. हिचं आत गेलं. तोंड उघडेना, लाळ गिळेना, तेव्हा बाईंकडं नेली. त्यांनी बघितलं आणि तिथूनच मोठ्या दवाखान्यात धाडली. गाडीत चढताना हिला बोलता येत नव्हतं. गोठ्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं. म्हणजे, तांबडीची मी आल्यावर चिरते, तुम्ही हात लावू नका.

मेहुणा म्हणतो, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. मी हो म्हणतो.

तांबडीची गाठ पिकली आहे. वरची कातडी तकतकीत झाली आहे. चिरायची राहिली आहे.