एका फोनातलं दुसरं बिऱ्हाड

मित्रांनो, जरा तुमच्या करंगळीचं नख बघा. साधारण तेवढाच मी आहे. रंग काळा, पाठीवर अर्धवट पुसलेले आकडे. मी एक जुनं मेमरी कार्ड. मला बघून कोणी उठून उभं राहत नाही. उलट मी हातातून निसटलो तर भल्याभल्यांना गुडघे टेकून मला शोधावं लागतं. पण या एवढ्याशा जागेत मी अडीच वर्षं एक अख्खा फोन चालवला आहे आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

धुळीचा एक कण शिरला तरी गहजब होतो अशा एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी माझी हजारो भावंडंही जन्मली, त्यामुळे लाड कोणाचेच झाले नाहीत. पुढे एका नृत्यशिक्षिकेच्या स्पीकरमध्ये मी नोकरीला लागलो. तीच सहा गाणी चार वर्षं वाजवली. मग तिने नवा स्पीकर घेतला आणि मला आपल्या मैत्रिणीच्या हातावर ठेवलं. "बघ, तुझ्या कशाला उपयोगी पडलं तर," एवढंच म्हणाली. चार वर्षांच्या चाकरीचा निरोप असा दोन ओळीही भरत नाही, हे मनाला लागलं.

ही मैत्रीण लिफ्ट दुरुस्त करते. तिचे वडीलही तेच काम करत. त्यांची एक पद्धत होती. बिघडलेल्या लिफ्टपाशी पोचलं की आधी हत्यारांना हात लावायचा नाही. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, इमारतीचं नाव आणि तारीख सांगायची आणि लिफ्ट वर-खाली होताना काय कुरकुरते ते टिपून घ्यायचं. घरी आल्यावर जेवताना ते लेकीला ऐकवायचं. "सांग बघू, काय दुखतंय हिचं?" लेक घास हातात तसाच धरून ऐके आणि म्हणे, बेअरिंग. कधी म्हणे, ब्रेक. असं करत करत ती ताटावर बसूनच धंदा शिकली.

वडील अचानक गेले. त्यांच्या फोनात अशी त्र्याहत्तर रेकॉर्डिंगं मागे राहिली. लेकीची आई घरी शिवणकाम करते. रोज संध्याकाळी ती मशीन थांबवायची, हात पुसायची आणि त्यातली एक-दोन ऐकायची. तिला लिफ्टमधलं काही कळत नव्हतं. तिला त्या आवाजांमधून अधूनमधून बोलणारा माणूस हवा होता.

मग एक दिवस लेकीचा स्वतःचा फोन लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटला. कामाला फोन तर हवाच. वडिलांचा फोन धडधाकट होता, पण आतली प्रणाली, म्हणजे फोन चालवणारं सॉफ्टवेअर, इतकी जुनी की बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणंही केव्हाच सोडून दिलं होतं. लेकीला कामासाठी लागणारी वेबपानं त्यात उघडेनात. आतलं सगळं पुसून नवं काही भरणं शक्य होतं, पण ते शब्द ऐकूनच आईचा चेहरा उतरला. मागे एका दुकानदाराने तिचे फोटो एका फोनातून दुसऱ्यात हलवले होते आणि ते कुठल्या कुठे गेले होते. तेव्हापासून पुसणं, हलवणं, नक्कल करणं हे सगळं तिच्या लेखी एकच होतं.

त्या वेळी लेकीला माझी आठवण झाली. एका रविवारी सकाळी तिने माझी सहाही गाणी पुसली आणि लिनक्सवर चालणारी, मोबाइलसाठी बनवलेली एक प्रणाली माझ्यावर उतरवली. आई शेजारी उभी होती.

"ह्यांच्या सामानाला धक्का लागणार नाही ना?"

"नाही गं आई. सगळं या कार्डावर आहे. फोन उठताना आधी कार्ड आहे का बघतो. असलं तर कार्डाचं ऐकतो. नसलं तर आपला जुना बाबांचा फोन."

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं म्हण की."

"तसंच. नवा फोन घेईपर्यंत काढू दिवस."

"मग त्या बिऱ्हाडाला सांगून ठेव, माझ्या खोलीत डोकवायचं नाही."

लेकीने खरंच मला तसं सांगून ठेवलं. माझ्या सेटिंगमध्ये तिने एक ओळ लिहिली: सुरू होताना फोनची आतली मेमरी उघडू नये. सगळी गोष्ट या एका ओळीची आहे, मित्रांनो, म्हणून ती लक्षात ठेवा.

सुरुवातीला माझी फजितीच झाली. कधी घंटीच वाजेना, गिऱ्हाइकांना वाटे बाई मुद्दाम फोन उचलत नाही. कॅमेरा तर माझ्या हाताला कधी लागलाच नाही. पण हळूहळू बस्तान बसलं. लेक रोज सकाळी सेफ्टी पिनेने खाच उघडून मला आत बसवायची, फोन सुरू करायची आणि आम्ही कामाला निघायचो. एकदा तिच्याबरोबरचा वायरमन मला तळहातावर घेऊन म्हणाला, "एवढ्याशा टिकलीवर अख्खा फोन चालतो?" ती म्हणाली, "चालतो. आणि तुझ्यापेक्षा कमी कुरकुर करतो." ते ऐकून मी दिवसभर फुशारलो होतो.

संध्याकाळी घरी आलं की मला बाहेर काढून आईच्या बटणांच्या डबीत ठेवत. मग फोन पुन्हा वडिलांचा होई. फोनात असताना फोनचे कान ते माझे कान. डबीचं झाकण लागलं की मात्र मी ठार बहिरा. मी डबीत गेलो की ती रेकॉर्डिंगं सुरू होत आणि ती संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी आत येई. फोनातलं जुनं बिऱ्हाड आणि मी, आमची अडीच वर्षांत एकदाही गाठ पडली नाही. सकाळी आई लेकीला म्हणायची, "काल ते शाळेच्या लिफ्टवर हसले ते ऐकलं." मी मनात म्हणायचो, कसे हसत असतील? त्या एका आवाजाची मला फार ओढ लागली. बटणांना विचारून पाहिलं. बटणं कसली बोलतात.

खरं सांगू? भिंतीपलीकडे ती त्र्याहत्तर रेकॉर्डिंगं होती आणि ती एक ओळ काढली असती तर कोणत्याही सकाळी ती माझ्यावर उतरवता आली असती. लेकीला हे माहीत होतं. दोन-तीनदा ती आईला म्हणालीही, "एक नक्कल करून ठेवू या का?" आई म्हणे, "राहू दे. आहे तिथे सुखरूप आहे." आणि मी? मला माझ्या शहाणपणाचा अभिमान होता. शेजाऱ्याच्या खोलीत न डोकावणारं सभ्य बिऱ्हाड.

मला हे नंतर कळलं, पण एका रविवारी दुपारी आईने फोन सुरू केला आणि तो बनवणाऱ्यांच्या चिन्हावर अडकून बसला. तिने बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. दोघी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "मेमरी म्हातारी झालीय. पुसून बघतो, चालला तर चालला." आईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

घरी येऊन लेकीने मला आत बसवलं. मी नेहमीसारखा उठलो. माझं काहीच बिघडलं नव्हतं. मग तिने ती ओळ पुसली आणि मी पहिल्यांदा पलीकडे पाहिलं. इमारतींची नावं, तारखा, सगळी यादी. अर्ध्या मिनिटात ती दिसेनाशी झाली. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी यादी उशिरा आली आणि निम्मी नावं गळलेली.

लेक म्हणाली, "आई, दर वेळी कमी वेळ टिकतेय. एखादंच हाती लागेल. कुठलं काढू? बाबा तुला हाक मारतात ते?"

माझा जीव टांगणीला लागला होता. हाक असो, हसू असो, मला काहीही चाललं असतं.

"दवाखान्याच्या लिफ्टचं काढ."

"अगं, त्यात बाबा नाव-तारीखसुद्धा सांगत नाहीत. चार मिनिटं नुसते लिफ्टची वाट बघत उभे आहेत."

"म्हणूनच. त्यांचं बोलणं मला सगळं पाठ आहे, मनातल्या मनात म्हणता येतं. त्यांचं नुसतं उभं राहणं कसं म्हणणार?"

तिसऱ्यांदा फोन उठला. मी ते रेकॉर्डिंग कणाकणाने माझ्याकडे ओढून घेतलं. पूर्ण उतरलं. लगेच लेकीने त्या हाकेवर बोट ठेवलं. पलीकडून काहीच आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

मग दोघींनी ते ऐकलं आणि मीही ऐकलं. लांबून येणाऱ्या लिफ्टची घरघर. किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात. बुटाने हलकेच धरलेला ताल. श्वास. लेक सवयीने पुटपुटली, "दोर घासतोय." आई म्हणाली, "गप्प. ऐकू दे."

त्याच संध्याकाळी आईनेच विचारलं, "हे अजून कुठे कुठे ठेवता येईल?" आता ते चार ठिकाणी आहे. लेकीने नवा फोन घेतला आणि मी कायमचा डबीत आलो. माझी तक्रार नाही. कार्डंही म्हातारी होतात आणि माझी पाळी येईल तेव्हा कोणाचं काही अडणार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना फोन कपाटात जपून ठेवलेला असेल आणि त्यात कोणी बोलत असेल, तर तो आज बाहेर काढा. उद्यावर टाकू नका. त्याची एक नक्कल करा, मग आणखी एक करा. हात न लावता जपलेलं आपोआप टिकतं असंच धरून आम्ही तिघंही चाललो होतो. अडीच वर्षं मी त्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. तो लिफ्टची वाट बघताना कसा श्वास घेई हे मला ठाऊक आहे. त्याचा आवाज कसा होता, ते मला माहीत नाही.